मुलांच्या बास्केटबॉल लीगमध्ये पालकांनी बसावं कुठे, बोलावं काय आणि गप्प कधी राहावं

क्रिकेटमध्ये सीमारेषेबाहेर बसलेल्या बापाचा सल्ला खेळपट्टीपर्यंत पोचेस्तोवर चेंडू कीपरच्या हातात गेलेला असतो. बास्केटबॉलमध्ये ही सोय नाही. कोर्ट जेमतेम २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. आपल्याकडच्या शाळांच्या आणि क्लबांच्या सिमेंटच्या कोर्टांवर खुर्च्या अनेकदा थेट रेषेला चिकटून मांडलेल्या असतात. तिथून बोललेलं प्रत्येक वाक्य मुलाच्या कानात जातं. पंचाच्या कानात जातं आणि समोरच्या संघातल्या मुलीच्या आजीच्याही.

मुलाच्या हातात चेंडू आला की घड्याळ सुरू होतं. ८ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची, २४ सेकंदांत बास्केटवर प्रयत्न करायचा, आणि कुणी जवळून अडवलं असेल तर ५ सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) करायचा. एवढ्या वेळात त्याला सरांचं ऐकायचं असतं आणि जोडीदारांकडे बघायचं असतं. त्यात बाजूने "शूट कर, शूट कर!" आलं की दहा-बारा वर्षांचं मूल हमखास मान वळवून आवाजाकडे बघतं. चेंडू जातो तो त्याच क्षणी. पालकांच्या वागणुकीचा विषय निघाला की सगळे शिवीगाळ आणि भांडणांबद्दल बोलतात. ती होतात, पण क्वचित. प्रत्येक सामन्यात, प्रत्येक मिनिटाला नुकसान करतात त्या प्रेमाने दिलेल्या सूचना.

हंगाम सुरू होण्याआधी: चाळीस मिनिटांची पालकसभा

पहिल्या सामन्याच्या किमान आठवडाभर आधी प्रशिक्षकाने पालकांना बोलवावं. आई किंवा बाबा, जे सामन्याला येणार असतील ते हवेतच. आजोबा किंवा मामा नेहमी येत असतील तर त्यांनाही बोलवा, कारण सर्वांत मोठा आवाज बऱ्याचदा त्यांचाच असतो.

सभेत खेळायच्या वेळेचा हिशेब फळ्यावर मांडा. ८ मिनिटांचे चार क्वार्टर म्हणजे ३२ मिनिटं. कोर्टवर एका वेळी पाच जण, म्हणजे वाटायला एकूण १६० मिनिटं. संघात १२ मुलं असतील तर सर्वांना अगदी समान वाटा दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला १३ मिनिटं २० सेकंद येतात. "माझ्या मुलाला अर्धा वेळ बसवून ठेवलं" ही तक्रार या एका आकड्याने निम्मी होते. मग प्रशिक्षकाने आपलं धोरण स्पष्ट सांगावं: १२ वर्षांखालील गटात सर्वांना समान वेळ, की हजेरी आणि सराव पाहून? जे ठरेल ते चालेल, फक्त ते पहिल्या सामन्याआधी सांगितलेलं असावं. न सांगितलेलं धोरण पालकांना पक्षपात वाटतं.

त्याच सभेत एक पानाचं वर्तनपत्र सह्यांसाठी फिरवा. सहा-सात ओळींपेक्षा मोठं नको. चार पानांचं कुणी वाचत नाही. सूचना फक्त प्रशिक्षक देतील. पंचाशी फक्त संघाच्या बाजूने नेमलेली व्यक्ती बोलेल. समोरच्या संघातल्या मुलांना उद्देशून काहीही बोलायचं नाही. सामन्याच्या दिवशी प्रशिक्षकाकडे तक्रार नाही. नियम मोडला तर काय होईल, हेही तिथेच लिहा. शेवटी पालकांपैकी एकाला समन्वयक नेमा. शांत स्वभावाचा, शक्यतो ज्याचं मूल संघातलं मुख्य खेळाडू नाही असा. मुख्य खेळाडूचे वडील समन्वयक असतील तर बाकीचे ऐकत नाहीत, आणि त्यांचं स्वतःचं लक्षही स्कोअरबोर्डवरून हटत नाही.

वयाचा दाखला

हा भाग कुणाला आवडत नाही, पण आपल्याकडे खिलाडूवृत्तीची पहिली परीक्षा कोर्टवर होतच नाही, ती नोंदणी अर्जावर होते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय गट, जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंतची चढण, दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण. एवढं पुढे दिसत असताना दुसरा जन्मदाखला काढायचा मोह काही पालकांना होतो. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाला २०१० मध्ये वयचोरीविरोधात राष्ट्रीय संहिता आणावी लागली ती याचमुळे. संशय आल्यावर डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासलं जातं.

यात हरणारं मूल समोरच्या संघातलं असतं, आणि ते नुसतं गुणांनी हरत नाही. रिंगखाली सोळा वर्षांचा मुलगा तेरा वर्षांच्या मुलावर आदळला तर दुखापत होते. दुसऱ्या संघातल्या मुलाच्या वयाबद्दल शंका असेल तर तिची जागा आयोजकांच्या टेबलावर आहे: लेखी, सामन्याआधी, आपल्या संघ व्यवस्थापकामार्फत. "अरे याला तर मिशा आहेत!" हे खुर्चीतून ओरडणं म्हणजे एका मुलाचा शंभर माणसांसमोर अपमान. कदाचित त्याची वाढ लवकर झाली असेल, आणि दाखला अगदी खरा असेल.

आदल्या रात्रीची पिशवी

सामन्यातलं पहिलं भांडण अनेकदा चेंडू वर उडण्याआधीच होतं, आणि ते असतं कानातल्या डुलांवरून. नियमांप्रमाणे दागिने घालून खेळता येत नाही. डूल, साखळी, कडं, अंगठी, गळ्यातला ताईत, टोचतील अशा केसांच्या कडक पिना, सगळं काढावं लागतं. पंच यात सूट देत नाहीत आणि देऊही नयेत; अंगठी दुसऱ्याच्या जर्सीत अडकली तर बोट जातं. घट्ट बसलेलं कडं आदल्या रात्री साबण लावून काढा. कान नुकतेच टोचले असतील तर हंगाम संपेपर्यंत थांबला असतात तर बरं झालं असतं, पण आता टोचलेच आहेत तर आधी प्रशिक्षकाला सांगा; पंचाशी वाद घालून उपयोग नाही. नखं कापा. पाण्याची एक लिटरची बाटली, जर्सीचे दोन्ही रंग, मोज्यांचा जादा जोड आणि छोटा टॉवेल पिशवीत टाका. सामन्याच्या ४५ मिनिटं आधी पोचा. धावतपळत पोचलेला पालक आधीच चिडलेला असतो, आणि तो राग पहिल्या शिट्टीवर निघतो.

बसायचं कुठे

रेषेपासून २ मीटर जागा मोकळी हवी, हा नियमच आहे. खुर्च्या आयोजकांनी तेवढ्या मागे मांडल्या नसतील तर स्वतः सरकवा. दोन्ही संघांच्या बाकांमागे, रिंगमागे आणि गुण-घड्याळ सांभाळणाऱ्यांच्या टेबलाच्या आसपास पालकांनी बसायचं नाही. उत्तम जागा म्हणजे टेबलाच्या समोरची लांब बाजू. तिथून खेळ दिसतो आणि बाकावरच्या सूचनांत आपला आवाज मिसळत नाही.

पाणी द्यायच्या निमित्ताने बाकावर जाऊन बसणारे पालक एक गोष्ट विसरतात. बाकावर बसलेल्या माणसाच्या वागणुकीचा टेक्निकल फाउल प्रशिक्षकाच्या नावावर लागतो. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचा शॉट, मिळतो, आणि असे तीन झाले की प्रशिक्षकालाच कोर्ट सोडावं लागतं. पाणी द्यायचं काम संघातल्या राखीव मुलांना द्या.

ओरडायचं काय

एक सोपी कसोटी: तुमच्या वाक्यात क्रियापद आज्ञार्थी असेल तर ते गिळा. "पास दे", "धाव", "सोडू नकोस", "हात वर", "बॉक्स आउट कर", या सगळ्या सूचना आहेत. बरोबर असल्या तरी सूचनाच. सरांनी झोन डिफेन्स (खेळाडूमागे न जाता आपापली जागा राखायची) सांगितला असेल आणि तुम्ही "तू त्या सात नंबरला पकड!" म्हणालात, तर मूल सातच्या मागे जातं, झोनमध्ये भोक पडतं, तिथून बास्केट होते आणि ओरडा मुलालाच बसतो.

मग उरतं काय? बरंच उरतं. टाळ्या. संघाचं नाव. "छान प्रयत्न!", "मस्त पास!", "बकअप!" होऊन गेलेल्या गोष्टीचं कौतुक करा, होणाऱ्या गोष्टीची आज्ञा देऊ नका. कौतुकातही बास्केटपेक्षा पास, स्क्रीन (जोडीदाराला वाट मिळावी म्हणून बचावपटूच्या आड उभं राहणं), रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि जमिनीवर लोळून वाचवलेला चेंडू यांना जास्त टाळ्या द्या. बास्केट मारणाऱ्याला स्कोअरबोर्डचा आवाज मिळतोच. स्क्रीन लावणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि दोन-तीन सामन्यांत तो स्क्रीन लावायचं सोडून देतो.

समोरच्या संघाच्या फ्री थ्रोच्या वेळी पूर्ण शांतता ठेवा. तिथे हुर्यो करणं, पाय आपटणं, शॉट चुकला की टाळ्या वाजवणं हे मोठ्यांच्या सामन्यांत चालत असेल, इथे रेषेवर अकरा वर्षांची मुलगी उभी आहे. समोरच्या संघाने सुंदर बास्केट केली तर टाळ्या वाजवा. सुरुवातीला शेजारचे वळून बघतील. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत त्यातला एखादा तरी तुमच्यासोबत वाजवेल.

ज्यांना गप्प बसणं जमतच नाही त्यांना हाताला काम द्या: आपल्या संघाचे पास मोजायला सांगा, किंवा मुलाने चेंडूशिवाय काय केलं याची कागदावर नोंद ठेवायला सांगा. खिशात खडीसाखर ठेवून शेवटच्या दोन मिनिटांत तोंडात टाकणं हाही उपाय आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच चालतो.

पंच आणि आपल्याला "दिसलेले" फाउल

पालकांच्या आरडाओरड्यातला मोठा भाग नियम अर्धवट माहीत असल्यामुळे होतो. नेहमीची ठिकाणं ही:

"ट्रॅव्हल! तीन पावलं झाली!" ट्रॅव्हल म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकणं. पळता पळता चेंडू ताब्यात घेताना जो पाय जमिनीवर असतो तो मोजत नाहीत, त्यानंतर दोन पावलं मिळतात. आंतरराष्ट्रीय नियमांत हा बदल २०१७ मध्ये आला. शाळेत असताना बास्केटबॉल खेळलेले पालक जुन्या हिशेबाने मोजतात, म्हणून नेमके तेच सर्वांत ठामपणे चुकतात.

"थ्री सेकंद!" रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त उभं राहण्याची ही मोजणी हल्ला करणाऱ्या संघापुरती असते. तीही चेंडू त्यांच्या ताब्यात, पुढच्या अर्ध्या कोर्टात असेल आणि घड्याळ चालू असेल तेव्हाच. शॉट सुटला की मोजणी संपली. बाहेर पडण्याचा प्रयत्न करणाऱ्या खेळाडूला पंच मुभा देतात. बचाव करणाऱ्या मुलाला हा नियमच लागू नाही, तरी त्याच्यावर बोट दाखवून ओरडणारे दर सामन्यात भेटतात.

"हाताला लागला!" हात लागला म्हणजे फाउल झालाच असं नाही, त्या स्पर्शाने अन्यायाने फायदा मिळाला का, हे पंच बघतात. हात सरळ वर ठेवून जागच्या जागी उभी उडी मारणाऱ्या बचावपटूवर शूटर येऊन आदळला तर तो बचावपटूचा फाउल नाही. शूटर तुमची मुलगी असली तरी नाही.

"आमचेच फाउल का देतो?" एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणून क्वार्टरच्या शेवटी एकाच बाजूला फ्री थ्रो मिळताना दिसतात आणि पक्षपाताचा भास होतो. स्कोअरबोर्डवरचा संघ-फाउलचा आकडा बघायची सवय लावा. तसंच, चार फाउल झालेल्या मुलाला तिसऱ्या क्वार्टरमध्ये बसवलं तर ती शिक्षा समजू नका. पाचवा झाला की तो बाहेर, म्हणून सर त्याला शेवटासाठी राखून ठेवत असतात.

आणि हो, पंच चुकतात. मुलांच्या सामन्यांत बरेचदा महाविद्यालयीन वयाचे पंच असतात, दिवसाला चार-पाच सामने उन्हात करतात, तर चुका होणारच. एका सामन्यात तुमचं मूल किती पास आणि शॉट चुकलं ते मोजा आणि मग पंचाच्या चुका मोजा. दुसरा आकडा सहसा लहान निघतो. नियमाचा गंभीर घोळ असेल, म्हणजे गुण चुकीचे लिहिले किंवा घड्याळ बिघडलं, तर प्रशिक्षक टेबलाकडे दाद मागू शकतात. निकालावर अधिकृत निषेध नोंदवायचा असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांत सामना संपल्यापासून १५ मिनिटांची मुदत आहे; स्थानिक लीगची मुदत आणि शुल्क आधीच विचारून ठेवा. पालकाने पंचाला गेटवर गाठणं यात कुठेही बसत नाही.

रागाच्या भरात "चला, खेळायचंच नाही" म्हणून संघ बाहेर काढणाऱ्यांनी गुणतक्त्याचा नियम वाचावा. जिंकल्यावर २ गुण, हरल्यावर १. मैदान सोडून गेलेल्या संघाला मात्र ०. हरलेल्यालाही एक गुण देणारा खेळ आहे हा.

मूल पडलं तर

आई-बाबांना कोर्टवर धावत जाण्याची ऊर्मी येते ती साहजिक आहे, पण उठू नका. खेळ चालू असताना रेषा ओलांडली तर तुम्ही दुसऱ्या मुलाला आडवे येता. शिट्टी झाल्यावर आधी पंच बघतात, मग बाकावरून प्रशिक्षक. आणखी एक बारकावा: बाकावरून कुणी मदतीला आत आलं किंवा मुलावर उपचार झाले, तर त्याला बदलावं लागतं. नुसता श्वास चुकला म्हणून पडलेलं मूल दहा-पंधरा सेकंदांत उठून खेळलं असतं, ते तुमच्या धावण्यामुळे बाहेर बसतं. रक्त आलं असेल तर ते थांबून जखम झाकल्याशिवाय परत जाता येत नाही, म्हणून चिकटपट्टी आणि गॉज संघाच्या पेटीत हवंच. डोक्याला मार, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ संपला. "थोडं पाणी पी आणि जा" असं म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला इथे पालकाने ठाम नकार द्यावा. सामन्याच्या दिवशी पालकाने प्रशिक्षकाशी वाद घालावा असा हा एकच प्रसंग.

एकतर्फी सामना

मुलांच्या गटात ५०-६ असे सामने होतात. २० गुणांची आघाडी झाली की प्रशिक्षकाने पूर्ण कोर्टाचा प्रेस (समोरच्यांना कोर्टभर गाठून अडवणं) काढावा, राखीव मुलांना आणावं आणि शॉटआधी पाच पास असा नियम आपल्या संघाला लावावा. शॉट मारायचंच बंद करणं किंवा चेंडू मुद्दाम बाहेर टाकणं मात्र नको. समोरच्या मुलांना ते गुणांपेक्षा जास्त लागतं. पालकांनी त्यानंतरच्या प्रत्येक बास्केटवर ओरडायचं कारण नाही, राखीव मुलाने हंगामातला पहिला बास्केट केला असेल तर अपवाद. आणि "शंभर करा" ही आरोळी कधीही नको.

परतीची स्कूटर

सामना संपला, मुलांनी रांगेत हात मिळवले, पंचांचे आणि टेबलाचे आभार मानले. त्यानंतरचा अर्धा तास मुलांच्या आठवणीत खेळाइतकाच राहतो. मागे बसलेल्या, घामेजलेल्या मुलाला सिग्नलवर थांबून "तो लेअप कसा सोडलास?" विचारू नका. त्याला तो रिंगजवळचा सोपा शॉट आठवतोय. भूक लागली का विचारा. सामन्याबद्दल त्यानेच विषय काढला तर ऐका, आणि तुमचं विश्लेषण निदान दुसऱ्या दिवशीपर्यंत राखून ठेवा. बहुतेकदा तोवर त्याची गरज उरत नाही.

प्रशिक्षकाशी बोलायचं असेल तर २४ तास जाऊ द्या, आणि ग्रुपवर न लिहिता फोन करून वेळ मागा. "सर, त्याला जास्त वेळ मिळावा म्हणून घरी कशाचा सराव घेऊ?" या प्रश्नाला उत्तर मिळतं. "त्या अमुकला का खेळवता?" याला मिळत नाही, मिळूही नये. दुसऱ्याच्या मुलाचं नाव संभाषणात येताच प्रशिक्षकाने बोलणं तिथेच थांबवावं. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळापत्रक, जागा आणि जर्सीचा रंग एवढंच. समोरच्या संघातल्या मुलाच्या चुकीचा व्हिडिओ तर कुठेच नको.

आयोजकांसाठी: शिक्षेची उतरंड

बास्केटबॉलचे नियम खेळाडू आणि बाकावरच्यांना शिक्षा देतात. खुर्चीतल्या पालकासाठी त्यात फाउल नाही. मुख्य पंचाला परिस्थिती पाहून सामना थांबवता येतो, पण पुढचं लीगने स्वतःच्या नियमपत्रात लिहून ठेवायला हवं. कामी येणारी पद्धत अशी: पहिल्यांदा पालक समन्वयक जाऊन शेजारी बसतो, हळू आवाजात बोलतो. दुसऱ्यांदा पंच चेंडू थांबलेला असताना संघ व्यवस्थापकाला सांगतात आणि स्कोअरशीटच्या मागे नोंद होते. तिसऱ्यांदा त्या पालकाने दोन मिनिटांत गेटबाहेर जायचं, तो गेल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, आणि पुढच्या सामन्यालाही त्याला येता येत नाही. पंचाच्या अंगावर धावून जाणं किंवा कुठल्याही मुलाला हात लावणं याला पहिल्या दोन पायऱ्या नाहीत. पालक बाहेर गेला तरी मूल खेळत राहील, हे मोठ्या अक्षरात लिहा. नाहीतर प्रशिक्षक मुलाची दया येऊन पालकाला सोडून देतात आणि उतरंड पहिल्याच आठवड्यात कोसळते.

हंगामाच्या मध्यावर एक सराव सामना असा ठेवा: सहा मिनिटांचे दोन डाव, मुलं आपली नेहमीची, आणि शिट्टी पालकांकडे, एका वेळी दोघांकडे, दर तीन मिनिटांनी बदलत. नियमित पंचाने सोबत पळावं, पण बोलू नये. टेबलावर घड्याळ आणि स्कोअरशीटलाही पालकच बसवा. मुलांना आधी सांगून ठेवा की वाद घालायचा नाही. ते घालतीलच, आणि ते तसंच चालू द्या. ज्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो त्यांना पहिल्या तीन मिनिटांत उतरवा. शिट्ट्या मात्र प्रत्येकाला वेगळ्या लागतील, तेवढ्या आधी आणून ठेवा.